मोठ्या जनावराची पहिली शिकार: घरीच ठरवायचे दोन आकडे

नवखा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रायफल कोणती घेऊ?" मी त्यालाच उलट विचारतो, "संध्याकाळचे सात वाजलेत, अंधार पडलाय, समोर तीनशे किलोचं जनावर पडलंय आणि गाडी पाच किलोमीटरवर आहे. आता काय करणार?" यावर बहुतेक जण गप्प होतात.

एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण. त्याचा पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या आसपास भरतो. हाडं काढून टाकली तरी ८० ते १०० किलो मांस उरतं. धडधाकट पण सवय नसलेला माणूस डोंगरात एका खेपेला २५-३० किलो नेतो, म्हणजे खेपा चार. गाडी पाच किलोमीटरवर असेल तर चारदा ओझं घेऊन यायचं आणि तीनदा रिकामं परत जायचं, एकूण ३५ किलोमीटर. तेही झोप न झालेल्या अंगाने, चढउतारावर आणि मांस खराब व्हायच्या आत. जोडीदार असेल तर दोन-दोन खेपांत काम उरकतं आणि प्रत्येकाला १५ किलोमीटर पडतात.

म्हणून तयारी शेवटाकडून सुरू करायची. घरून निघण्याआधी दोन आकडे कागदावर हवेत. पहिला, गाडीपासून किती अंतराच्या आत बार काढायचा. दुसरा, जनावरापासून किती अंतराच्या आत बार काढायचा. पहिला पाय ठरवतात, दुसरा हात. समोर शिंगं दिसल्यावर डोकं ठिकाणावर राहत नाही. हे आकडे तिथे ठरवायला गेलात तर दोन्ही वाढतात, आणि वाढलेल्या प्रत्येक मीटरचा त्रास जनावराला होतो. पुढचं सगळं या दोन आकड्यांभोवती आहे.

वर्षभर आधी: कायदा आणि कागद

जिथे जायचं तिथे शिकारीला परवानगी आहे का, इथून सुरुवात. देशोदेशीचं चित्र फार वेगळं आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. केनियाने ती १९७७ मध्ये बंद केली. बोट्सवानाने २०१४ मध्ये थांबवली आणि २०१९ मध्ये पुन्हा खुली केली. नामिबिया, दक्षिण आफ्रिका, अमेरिका, कॅनडा इथे परवाना आणि ठरलेल्या संख्येच्या चौकटीत ती चालते. कायद्याबाहेर मारलेलं जनावर ही शिकार नसून चोरी आहे, आणि असली चोरी करणाऱ्या कुणाशीही मला काही देणंघेणं नाही.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत चांगल्या भागांचे टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराला लावायच्या परवान्याच्या चिठ्ठ्या, सोडतीने मिळतात. शिकार शरदात असते, पण अर्ज हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतातच भरावे लागतात. उन्हाळ्यात जाग आलेल्या माणसाला त्या वर्षी उरलेसुरले टॅग मिळतात. सोडतीत नंबर लागला नाही तर अनेक राज्यांत पुढच्या सोडतीत शक्यता वाढवणारा पॉइंट जमा होतो. तेव्हा पहिल्या वर्षी नाव लागो न लागो, अर्ज भरून ठेवा.

टॅगच्या आधी शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. उदाहरणार्थ, १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही हे प्रमाणपत्र असल्याशिवाय कोलोरॅडोत सहसा परवाना मिळत नाही. सक्ती नसेल तिथेही अभ्यासक्रम कराच. बंदूक सुरक्षित हाताळायची सवय पुस्तकातून लागत नाही, कुणीतरी शेजारी उभं राहून हात दुरुस्त करावा लागतो.

त्या वर्षीची नियमपुस्तिका छापून घ्या आणि पेन घेऊन वाचा. कोणत्या भागात नर चालतो, मादी चालते, शिंगांना किती टोकं हवीत, दिवसाच्या कोणत्या वेळेत बार काढता येतो, हे सगळं तिथेच असतं. बऱ्याच राज्यांत ही वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते. कोलोरॅडोत रायफलच्या हंगामात कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी लागते. मांस वाहून नेताना जनावर नर की मादी याचा पुरावा मांसाला चिकटलेला ठेवावा लागतो, हा नियम नवखे हमखास विसरतात. आणि मागच्या वर्षीची पुस्तिका वापरू नका, नियम दरवर्षी बदलतात.

वाटाड्या घ्यायचा की आपलं आपण जायचं, हा प्रश्न काही ठिकाणी कायदाच सोडवतो. अलास्कात अमेरिकेच्या इतर राज्यांतून आलेल्या शिकाऱ्याला तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि डोंगरी बकरा यांच्यासाठी नोंदणीकृत गाइड किंवा तिथे राहणारा जवळचा नातेवाईक सोबत लागतो. नामिबियात पाहुण्या शिकाऱ्यासोबत नोंदणीकृत व्यावसायिक शिकारी असलाच पाहिजे. गाइड निवडताना एक प्रश्न आवर्जून विचारा: जनावर जखमी होऊन हरवलं तर काय? दक्षिण आफ्रिकेकडे रक्त सांडलं की जनावर तुमच्या खात्यावर मांडलं जातं, ते सापडो वा न सापडो. मला ही रीत योग्य वाटते. जो गाइड या प्रश्नाला "तसं कधी होत नाही" म्हणून बगल देतो, त्याच्याकडे जाऊ नका.

रायफल घेऊन सीमा ओलांडायची असेल तर कागद आणखी वाढतात. दक्षिण आफ्रिकेत तात्पुरत्या आयातीसाठी 'एसएपीएस ५२०' हा फॉर्म लागतो. विमानात रायफल रिकामी करून, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इन सामानात जाते. काडतुसं वेगळ्या बंद वेष्टनात आणि साधारणपणे माणशी ५ किलोपर्यंतच. वाटेत विमान बदलत असाल तर त्या मधल्या देशाचा परवाना लागतो का, हेही विमान कंपनीकडून लेखी घ्या. शिंगं किंवा कातडी मायदेशी न्यायची असेल तर 'साइट्स' या वन्यजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात ती जात कोणत्या परिशिष्टात आहे हे टॅग घेण्याआधीच तपासायचं, नंतर नाही.

सहा महिने आधी: पहिला आकडा, पायांचा

जिममध्ये धावपट्टीवर कमावलेला दम डोंगरात अर्धाच कामाला येतो. ओझं घेऊन उताराने खाली येताना मांड्या आणि गुडघे बोलायला लागतात, आणि ती सवय ओझं घेऊन चढउतार केल्यावरच होते.

सुरुवात सहा-सात किलोच्या सॅकने करा, आठवड्यातून तीनदा, तासभर. दर दोन आठवड्यांनी दोन-तीन किलो वाढवा. शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा २५ किलोपर्यंत जा, पण रोज नको, सांधे तक्रार करतात. टेकडी नसेल तर जिना चालतो. वजन म्हणून पाण्याचे कॅन घ्या: वर चढताना ओझं पूर्ण, आणि उतरताना गुडघा कुरकुरला तर पाणी ओतून देता येतं. बूट तेच, मोजे तेच, सॅकही तीच जी शिकारीला नेणार आहात.

निघायच्या महिनाभर आधी परीक्षा घ्या. २५ किलो घेऊन, खऱ्याखुऱ्या चढउतारावर, दोन दिवस लागोपाठ चाला. दुसऱ्या दिवशी किती अंतर नीट कापलंत, म्हणजे पाय न लटपटता आणि पावलाकडे लक्ष राहून, ते मोजा. एकटे असाल तर त्याला सातने भागा, दोघे असाल तर तीनने. मघाच्या हिशेबातल्या सात आणि तीन फेऱ्या याच. जो आकडा येईल तो तुमचा पहिला आकडा. पहिल्या वर्षी एकट्याने ३ किलोमीटरच्या पलीकडे बार काढू नये असं माझं ठाम मत आहे, तुमचा भागाकार काहीही म्हणो.

शिकारीचा मुलूख उंचावर असेल तर एक-दोन दिवस आधी पोहोचा. साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवा लागू शकते: डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. तंदुरुस्त माणसालाही ती लागते, त्यात कमीपणा नाही. विश्रांतीने बरं वाटलं नाही, तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर त्याच वेळी खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही.

दुसरा आकडा, हातांचा

आता रायफल. सांबर-एल्कच्या मापाच्या जनावरांसाठी .२७० विंचेस्टर, .३०८ विंचेस्टर, .३०-०६ स्प्रिंगफील्ड या काडतुसांच्या मापांतली कुठलीही भरपूर आहे. यांची काडतुसं सहज मिळतात आणि धक्का सोसवतो. मॅग्नमच्या, म्हणजे जास्त दारूच्या जोरकस काडतुसांच्या, मोहात पडू नका. जोरदार धक्क्याची रायफल नवख्याला दोन पेट्यांत दचकायला शिकवते, मग चाप ओढण्याआधीच डोळा मिटतो. ती खोड मोडायला वर्ष जातं. आफ्रिकेतल्या रेडा-हत्तीसारख्या धोकादायक जनावरांसाठी अनेक देशांत किमान .३७५ इंच मापाच्या रायफलची अट असते, पण ती पहिल्या मोहिमेची जनावरंच नव्हेत.

रायफलपेक्षा गोळीवर विचार खर्च करा. गोळी आत जाऊन फुलली पाहिजे पण फुटून विखरता कामा नये. पूर्ण तांब्याच्या गोळ्या यात चांगल्या ठरतात, आणि त्यांचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो: शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून दूर मांसात पसरतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. तेच कण उरलेल्या आतड्यांतून गिधाडांच्या पोटात जातात. कॉन्डर गिधाडांचा शिशाच्या विषबाधेशी असलेला संबंध लक्षात घेऊन कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली. एकच जातीची गोळी निवडा, ती पुरेशी घेऊन ठेवा, आणि सराव व शिकार दोन्ही तिच्यावरच करा. गोळी बदलली की नेम बदलतो.

नेम २०० यार्डांवर लावा, म्हणजे गोळी तिथे नेमकी बसेल असा स्कोप (रायफलवरची दुर्बीण) जुळवा. यार्ड मीटरपेक्षा जरा लहान. .३०-०६ची नेहमीची १६५ ग्रेनची (साधारण ११ ग्रॅमची) गोळी मग ३०० यार्डांवर साधारण २० सेंटिमीटर खाली जाते आणि ४०० यार्डांवर सुमारे ६०. म्हणजे शेवटच्या शंभर यार्डांत ती आधीच्या शंभरापेक्षा दुप्पट पडते. शिवाय ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ३०० यार्डांवर तिला वीतभर बाजूला नेतो. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग असतो जेमतेम २० सेंटिमीटरचा, एल्कचा थोडा मोठा. आता वारा आणि अंतर दोन्हींत थोडी थोडी चूक झाली तर गोळी कुठे जाईल? पोटात, किंवा पायावर. असं जनावर पळतं आणि तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस तडफडतं. म्हणून या आकड्याबाबत मी इतका हट्टी आहे.

तो काढायची रीत सोपी आहे. २० सेंटिमीटर व्यासाच्या कागदी थाळ्या घ्या. बाकावर, वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून मारलेल्या गोळ्यांवरून फक्त रायफल कळते, माणूस कळत नाही. जंगलात बाक नसतो. तेव्हा बसून, गुडघ्यावर, सॅकवर टेकून पालथं पडून आणि काठ्यांच्या आधाराने असा सराव करा. आधी शंभर यार्डांवर. वीस उठाबशा काढायच्या किंवा पन्नास पावलं पळून यायचं, छाती धडधडत असतानाच बसायचं आणि अर्ध्या मिनिटात एक गोळी. अशा दहा गोळ्यांपैकी दहाही थाळीत लागल्या तर पन्नास यार्ड मागे सरका. नऊ लागल्या तर थांबा. त्या आधीचं अंतर हा तुमचा दुसरा आकडा. बहुतेक नवख्यांचा तो १५० ते २०० यार्डांच्या मध्ये येतो आणि तेवढ्यात शिकार होते. आकडा चिकटपट्टीवर लिहून रायफलच्या दस्त्यावर लावा, डोळ्यांसमोर राहील असा.

उभ्याने मारायचा बार या आकड्यात धरू नका. आधाराशिवाय उभ्याने मी आजही पन्नास यार्डांपलीकडे बार काढत नाही.

घरी रोज पाच मिनिटं रिकाम्या रायफलवर चाप ओढायचा सराव करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी बघायचं, बोटाने चाचपायचं, मगच सुरू करायचं. सुरक्षिततेचे नियम याच पाच मिनिटांत अंगात मुरतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, नळी कुणाकडे वळवायची नाही, नेम पक्का झाल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही, आणि सावजाच्या मागे काय आहे ते बघितल्याशिवाय बार काढायचा नाही. शेवटचा नियम डोंगरात सगळ्यात जास्त मोडतो. कड्यावर, आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या जनावरावर बार काढू नका, कारण चुकलेली गोळी पलीकडे कुठे उतरेल ते कुणालाच ठाऊक नसतं. कळपात एकामागे एक जनावरं असतील तर ती सुटी होईपर्यंत थांबा, गोळी पहिल्याच्या आरपार जाऊन दुसऱ्याला लागते.

सामान

सामानाच्या याद्या सगळीकडे मिळतात, त्यामुळे मी फक्त ज्यावरून मोहिमा फसतात तेवढंच सांगतो.

बूट दोन-तीन महिने आधी घ्या आणि रुळवा. चालताना टाच जरा जरी गरम वाटली की तिथल्या तिथे थांबून पट्टी लावा, फोड आल्यावर उपयोग नाही. सुती कपडे नकोत. घामाने भिजले की वाळत नाहीत आणि थंडीत अंगातली ऊब शोषून घेतात. अंगालगत लोकर, मधे ऊब धरणारा थर, वर वारा-पाणी अडवणारा. चालताना थोडी थंडी वाजली पाहिजे. घाम फुटत असेल तर एक थर काढा.

पैसे कमी असतील तर रायफलवर वाचवा आणि दुर्बिणीवर खर्च करा. १०×४२ची दुर्बीण आणि ती बसेल असा हलका ट्रायपॉड, एवढ्याने नजर दुप्पट होते. अंतरमापक लागतोच, नाहीतर दुसऱ्या आकड्याला अर्थ नाही.

सॅकमध्ये: दोन सुऱ्या किंवा धारेची सोय, कापडी मांसपिशव्या, रबरी हातमोजे, दोर, दोन हेडलॅम्प, आग पेटवायच्या दोन तऱ्हा, प्रथमोपचार आणि त्यात टूर्निकेट, म्हणजे रक्तस्राव थांबवायला आवळून बांधायचा पट्टा. टूर्निकेट बांधायला आधी शिका, एका हाताने आणि स्वतःच्या दंडावर. फोनला रेंज नसते, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्या. त्याशिवाय एक साधा कागद घरी ठेवून जा: गाडी कुठे उभी करणार, कोणत्या खोऱ्यात जाणार, किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा. नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या आणि त्यावर खाजगी जमिनींच्या हद्दी दिसतात ना ते तपासा. जखमी जनावर हद्द ओलांडून गेलं तर मालकाला विचारल्याशिवाय अनेक ठिकाणी मागे जाता येत नाही, तेव्हा हद्दीला लागून बार काढायचाच नाही.

ग्रिझली अस्वलांच्या मुलुखात अस्वलाला हुसकवणारा मिरचीचा स्प्रे छातीवर किंवा पट्ट्याला हवा. सॅकच्या तळाशी असलेला स्प्रे घरी ठेवल्यासारखाच.

तिथे पोहोचल्यावर

प्रवासात स्कोपला धक्के बसतात. पहिलं काम म्हणजे लक्ष्यावर दोन-तीन गोळ्या मारून नेम तपासणं, मग तळ ठोका.

पहिले दोन दिवस चालण्यापेक्षा बसा. उजाडण्याआधी उंच जागी जाऊन बसायचं आणि दुर्बिणीने समोरचा उतार पट्ट्यापट्ट्याने वाचायचा, डावीकडून उजवीकडे, मग एक पट्टा खाली. अख्खं जनावर शोधू नका, ते दिसत नाही. उभ्या झाडांत आडवी रेघ दिसली तर ती पाठ असते. कान हलतो, शिंगाचं टोक चमकतं. मी एकदा एका "बुंध्या"कडे वीस मिनिटं बघत होतो, मग तो बुंधा वळून चरायला लागला.

वाऱ्याचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण जनावराचे डोळे एकदा फसतील पण नाक फसत नाही. डोंगरात सकाळी ऊन पडायच्या आधी थंड हवा उतारावरून खाली वाहते. ऊन तापलं की ती वर चढायला लागते. संध्याकाळी उतार सावलीत गेला की पुन्हा खाली. म्हणून पहाटे जनावराच्या खालून किंवा बाजूने जायचं, दिवस वर आल्यावर वरून उतरायचं. मधल्या बदलाच्या वेळी, साधारण तासभर, हवा गरगरत राहते. तेव्हा जवळ जायचा प्रयत्नच करू नका, बसून खाऊन घ्या. पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा आणि दर काही मिनिटांनी चिमूटभर उडवून बघा.

जनावर आकड्याच्या आत आलं, तर उभं कसं आहे ते बघा. पूर्ण आडवं, किंवा किंचित पलीकडे तोंड करून उभं असेल तरच बार. पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या कडेपासून एक तृतीयांश वर. समोरून, मागून, पळताना नाही. डोक्यावर तर कधीच नाही. मेंदू लहान असतो आणि जरा चुकलं तर जबडा तुटलेलं जनावर उपाशी मरतं.

एका मोसमाच्या शेवटच्या दिवशी माझ्यासमोर मोठा नर आला होता, २९० यार्डांवर. दस्त्यावर २२५ लिहिलेलं होतं. मी पोटावर सरकत पन्नास यार्ड पुढे गेलो, तेवढ्यात वारा फिरला आणि तो निघून गेला. टॅग तसाच घरी आणला. त्या रात्री वाईट वाटलं, पण जखमी जनावराचा माग अंधारात हरवून बसलेला माणूस मी पाहिला आहे, आणि त्याचा चेहरा मला त्या नराच्या शिंगांपेक्षा जास्त आठवतो.

बार झाल्यावर

जागचे हलू नका. आधी दुसरं काडतूस आत सारा आणि जनावर अजून उभं असेल, स्वच्छ दिसत असेल तर पुन्हा मारा. पळालं तर शेवटचं कुठे दिसलं, कोणत्या झाडापाशी, ते मनात पक्कं करा. तुम्ही जिथून बार काढलात तिथे भडक फीत बांधा. दरी ओलांडून पलीकडे गेल्यावर सगळी झाडं सारखी दिसतात.

मग घड्याळ बघा आणि अर्धा तास थांबा. हे सगळ्यात अवघड असतं. लगेच मागे गेलात तर पडलेलं जनावर उठून आणखी पळतं. थांबलात तर ते जवळच बसतं आणि तिथेच संपतं. त्यानंतर बार लागल्या जागी रक्त शोधा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, जनावर दूर गेलेलं नसतं. काळपट लाल म्हणजे बहुधा यकृत. तीन-चार तास थांबा. हिरवट, घाण वासाचं, त्यात चाऱ्याचे कण असतील तर गोळी पोटात लागली आहे आणि सहा तास किंवा त्याहून जास्त थांबणं भाग आहे. फक्त पाऊस-बर्फाने माग पुसला जाणार असेल तर हा हिशेब बदलतो.

रक्ताच्या प्रत्येक ठिपक्याशी फीत बांधत चला, मागावर पाय देऊ नका, बाजूने चाला. माग तुटला तर शेवटच्या फितीपासून वाढती वर्तुळं काढत शोधा. अंधार, थकवा, भूक यापैकी काहीही शोध सोडायचं कारण नाही. हेडलॅम्प दोन घ्यायला सांगितले ते यासाठीच.

पडलेल्या जनावराकडे मागच्या बाजूने, वरच्या अंगाने जा. लांब काठीने डोळ्याच्या बुबुळाला स्पर्श करा. पापणी हलली नाही, तर गेलं. डोळे मिटलेले दिसले तर ते जिवंत असण्याची शक्यता जास्त, मेलेल्याचे डोळे उघडे राहतात. खात्री झाली की रायफल रिकामी करा आणि इतर कशालाही हात लावण्याआधी टॅगचं काम पुरं करा.

मांस

जनावराच्या अंगाची ऊब ३८-३९ अंशांची असते आणि जाड कातडी, पोकळ केस ती आत कोंडून ठेवतात. एल्क अख्खा तसाच ठेवला तर बाहेर दहिवर गोठलेलं असतानाही मागच्या फऱ्यातलं हाडालगतचं मांस रात्रीतून आंबतं. तेव्हा पहिली गोष्ट कातडी काढणं, दुसरी तुकडे सुटे करणं.

नवख्यासाठी पोट न फाडता करायची रीत उत्तम. जनावर कुशीवर ठेवा. पाठीच्या कण्यावरून चीर देऊन वरच्या बाजूची कातडी पोटाकडे सोलत न्या. पुढचा पाय धडाला सांध्याने जोडलेला नसतो, तो उचलून धरत खालून सुरी चालवली की सुटतो. मागचा फरा खुब्याच्या गोल सांध्यापाशी सोडवा. मग कण्यालगतची पाठीची पट्टी, मानेचं मांस, आणि शेवटच्या बरगडीच्या मागून हात घालून आतली कोवळी पट्टी. सगळं पिशव्यांत भरून सावलीत टांगा, चारी बाजूंनी वारा लागेल असं. मग जनावर पालटून दुसरी बाजू. धारदार सुरी असेल तर दोघांना दोन-तीन तास पुरतात. एकट्याला पहिल्यांदा पाच लागले तर नवल नाही. सुरी नेहमी अंगापासून लांब ओढा. बदलत्या पात्यांची सुरी असेल तर पाती मोजून घ्या आणि मोजून परत ठेवा, मांसात राहिलेलं पातं कुणाचा तरी घसा कापेल.

प्लॅस्टिकची पिशवी वापरू नका, त्यात ऊब आणि ओल दोन्ही कोंडतात. मांस ओढ्यात बुडवूही नका. कोरडं आणि थंड, एवढंच लागतं. शक्य तितक्या लवकर ४ अंशांच्या खाली.

अस्वलांच्या भागात पिशव्या आतड्यांच्या ढिगापासून शंभरेक मीटर दूर, लांबून दिसतील अशा उघड्या जागी टांगा. पुढच्या खेपेला परत येताना आधी दुर्बिणीने ती जागा बघा, मग आवाज करत जा. अस्वलाने मांस ताब्यात घेतलं असेल तर ते त्याचं.

हरीण, एल्क आणि मूस यांना सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग होतो. तो १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा लक्षात आला. तो माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोग पसरवणारी प्रथिनं शिजवून नष्ट होत नाहीत, म्हणून लागण झालेलं मांस खाऊ नये असाच आरोग्यखात्यांचा सल्ला आहे. हातमोजे घाला, मेंदू आणि कणा कापू नका, आणि तपासणीची सोय असेल तिथे नमुना द्या. अनेक ठिकाणी डोकं आणि कणा राज्याबाहेर नेता येत नाही. अस्वलाचं मांस असेल तर ते आतून ७१ अंशांपर्यंत शिजलंच पाहिजे. त्यातल्या ट्रायकिनेला जंतांच्या काही जाती फ्रीझरमध्येही मरत नाहीत.

घरी आल्यावर प्रत्येक पाकिटावर जनावर, भाग, तारीख आणि तपासणीच्या नमुन्याचा क्रमांक लिहा. शिकारीची नोंद खात्याला कळवायची मुदत पुस्तिकेत दिलेली असते, ती त्याच दिवशी उरका. रायफल पुसून, तेल लावून ठेवा, मांसपिशव्या धुवा. नमुन्याचा निकाल येईपर्यंत पाकिटं फ्रीझरमध्ये एका बाजूला ठेवा आणि त्यातलं एकही उघडू नका.